रूळ कुणाचे, तार कुणाची?



सप्टेंबर महिना आला की आपल्या शाखांतून १९ सप्टेंबर १९६८ च्या संपाची आठवण निघते. गरजेवर आधारित किमान वेतनासाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी एका दिवसाचा लाक्षणिक संप केला. सरकारने वटहुकूम काढून तो मोडायचा प्रयत्न केला. पठाणकोटला गोळीबार होऊन रेल्वे कामगार मारले गेले. ही आठवण ठेवलीच पाहिजे. पण याच महिन्यात आणखी दोन तारखा आहेत. त्या आपल्या कुठल्याच दिनदर्शिकेत नाहीत, तरी त्या टपाल आणि रेल्वे कामगारांच्याच आहेत. २७ सप्टेंबर १९४५ आणि २८ सप्टेंबर १९४५. ठिकाण, इंडोनेशियातील जावा बेटावरचे बांडुंग शहर.

पहिल्या दिवशी तेथील टपाल, तार व टेलिफोन खात्याच्या तरुण कामगारांनी खात्याचे मुख्य कार्यालय जपान्यांच्या हातून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या तरुणांनी रेल्वेचे मुख्य कार्यालय ताब्यात घेतले. आजही इंडोनेशियात २७ सप्टेंबर हा टपाल-दूरसंचार कर्मचाऱ्यांच्या सेवेचा दिवस म्हणून आणि २८ सप्टेंबर हा रेल्वे दिन म्हणून पाळतात. एका देशाच्या स्वातंत्र्यलढ्यात टपालवाल्यांचा आणि रेल्वेवाल्यांचा असे दोन दिवस लागोपाठ नोंदले गेले, ही आपल्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. स्वातंत्र्य पुढारी जाहीर करतात, पण ते चालवून दाखवावे लागते आणि ते काम कामगार करतात. दुसरे असे की, ज्याच्या हातून काम होते त्याला आपण कुणासाठी राबतो हे विचारायची सोय नसेल, तर तेच हात दुसऱ्या गरिबाच्या गळ्यावर जातात. इंडोनेशियात दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन्ही गोष्टी घडल्या. आणि दुसरीत आपली मराठी माणसेही सापडली.

रूळ कशासाठी टाकले

इंडोनेशियावर डचांचे राज्य होते. आपल्याकडे मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली, जावात पहिला मार्ग १८६७ साली सुरू झाला. कारण तेच होते. मळ्यांतली साखर, कॉफी, तंबाखू बंदरापर्यंत न्यायची आणि बोटीत भरायची. रूळ टाकणारा, खडी फोडणारा, इंजिनात कोळसा घालणारा माणूस तिथला, नफा मात्र हॉलंडचा.

पण जिथे रूळ गेला तिथे संघटनाही गेली. १९०८ साली सेमारांग शहरात रेल्वे व ट्राम कामगारांची युनियन स्थापन झाली. सुरुवातीला तिच्यात गोरे आणि देशी दोन्ही कामगार होते. पुढे ती देशी कामगारांची झाली आणि सेमाउन हा तरुण तिचा पुढारी झाला. मे १९२३ मध्ये त्याला अटक होताच जावातल्या रेल्वे कामगारांनी संप केला. डच सरकारने तो चिरडला, सेमाउनला हद्दपार केले आणि फौजदारी कायद्यात नवे कलम घालून असे संप करणे हाच गुन्हा ठरवला. ‘अत्यावश्यक सेवा’ या शब्दांचा अर्थ आपल्याला १९६०, १९६८ आणि १९७४ च्या संपांनी शिकवला. जावाच्या रेल्वेवाल्यांना तो १९२३ मध्येच कळला होता.

मार्च १९४२ मध्ये डचांनी जपानपुढे शरणागती पत्करली. नवा मालक ‘आशिया आशियाई लोकांचा’ असे सांगत आला आणि त्याने जुन्यापेक्षा अधिक पिळले. जावातले रूळ उखडून बाहेर नेले. लाखो खेडुतांना सक्तीच्या मजुरीला जुंपले. सुमात्रा बेटावर पेकानबारू येथून २२० किलोमीटरचा रेल्वेमार्ग असाच वेठीच्या मजुरांकडून आणि युद्धकैद्यांकडून जंगलातून करून घेतला. त्यात हजारो माणसे ताप, उपासमार आणि मारहाणीने मेली. मार्ग पुरा झाला तो दिवस होता १५ ऑगस्ट १९४५, म्हणजे जपानने शरणागती जाहीर केली तोच दिवस. इतके जीव घेऊन बांधलेला तो मार्ग कुणाच्याच कामी आला नाही.

जाहीरनाम्यानंतरचे काम

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि मोहम्मद हट्टा यांनी जाकार्तात एका घराच्या अंगणात स्वातंत्र्याचा छोटासा जाहीरनामा वाचला. अवघ्या दोन वाक्यांचा. पण त्या घटकेला या नव्या सरकारजवळ होते काय? फौज नव्हती, तिजोरी नव्हती. शरण आलेल्या जपान्यांना दोस्त राष्ट्रांचा हुकूम होता की आम्ही येईपर्यंत सगळे आहे तसे सांभाळा. याचा सरळ अर्थ असा होता की जपानी किल्ल्या इंग्रजांना देणार आणि इंग्रज त्या डचांना परत करणार. जाहीरनामा कागदावरच राहिला असता.

तो राहिला नाही, कारण सप्टेंबरमध्ये कामगारांनी त्या किल्ल्या मध्येच काढून घेतल्या. जाकार्तातले स्टेशन, वर्कशॉप, ट्राम आणि शेवटी बांडुंगची मुख्य कार्यालये एकामागून एक त्यांच्या हातात आली. डब्यांवर ‘मर्देका’, म्हणजे स्वातंत्र्य, असे रंगवून गाड्या निघाल्या. वर्तमानपत्र पोचत नव्हते त्या गावी डब्यावरची अक्षरे पोचली. तारघरातून नव्या सरकारचे संदेश जाऊ लागले. त्याच बांडुंगमध्ये ३ डिसेंबर १९४५ रोजी सार्वजनिक बांधकाम खात्याचे सात तरुण कर्मचारी आपले कार्यालय राखताना मारले गेले.

रेल्वेवाल्यांचे आणखी एक काम सांगण्यासारखे आहे. १९४५ च्या अखेरीस डच सैनिकांमुळे जाकार्तात पुढाऱ्यांच्या जिवाची शाश्वती राहिली नव्हती. सुकार्नोंच्या घरामागून रेल्वेमार्ग जात होता. ३ जानेवारी १९४६ च्या रात्री कामगारांनी दिवे मालवलेले डबे रिकामा रेक हलवावा तसे त्या मार्गावर आणले. घरामागे गाडी सावकाश थांबली. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि त्यांची कुटुंबे अंधारात चढली आणि गाडी शहराबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सरकार योग्यकार्ता येथे पोचले आणि ते शहर राजधानी झाले. एक अख्खे सरकार शत्रूच्या पहाऱ्यातून हलवले ते ड्रायव्हर, फायरमन, शंटर आणि केबिनवाल्यांनी. यांपैकी एकाने जरी तोंड उघडले असते तरी पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

सुराबाया आणि मराठा पलटणी

आता जी गोष्ट सांगायची ती आपल्या घरची आहे.

डचांजवळ त्या वेळी पुरेशी फौज नव्हती. गोरे इंग्रज सैनिक घरी परतायला उतावीळ झाले होते. मग इंडोनेशियात पाठवायचे कुणाला? हिंदी सैनिकांना. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी सुराबाया बंदरात ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली. तिच्यात राजपुताना रायफल्सची एक पलटण होती आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन.

त्यांना सांगितलेले काम होते जपान्यांची शस्त्रे काढून घेणे आणि छावण्यांत अडकलेल्या कैद्यांना, बायका-मुलांना सोडवणे. ते काम त्यांनी केले आणि त्याला कुणी नावे ठेवू नयेत. सुराबायाच्या पुढाऱ्यांशी ब्रिगेडिअर मॅलबी यांचा समझोताही झाला होता. पण २७ ऑक्टोबरला जाकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली. सगळ्या इंडोनेशियनांनी शस्त्रे खाली ठेवावीत, नाहीतर गोळी घालू, असा त्यांचा आशय होता. समझोता तिथेच मोडला. दुसऱ्या दिवशी सारे शहर उठले. ठिकठिकाणी छोट्या तुकड्यांनी विखुरलेले शिपाई घेरले गेले आणि त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. ३० ऑक्टोबरला मॅलबी मारले गेले. सूड म्हणून १० नोव्हेंबरला पाचव्या हिंदी डिव्हिजनने आरमारी तोफा, रणगाडे आणि विमाने घेऊन शहरावर हल्ला केला. तीन आठवडे घराघरांतून लढाई चालली. हजारो इंडोनेशियन मेले. १० नोव्हेंबर हा दिवस तो देश आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतो.

विचार करा. मराठा पलटणीचा शिपाई म्हणजे कोण? देशावरच्या किंवा कोकणातल्या खेड्यातला, दोन एकर जिराईत जमिनीवर भागत नाही म्हणून भरती झालेला पोरगा. त्याचा एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, दुसरा रेल्वेत गँगमन. त्याच्या स्वतःच्या देशावर इंग्रजांचे राज्य. आणि त्याला बंदूक देऊन उभे केले कुणासमोर? आपल्याचसारख्या शेतकऱ्याच्या पोरासमोर, ज्याचा गुन्हा एवढाच की त्याला आपल्या देशावर आपले राज्य हवे होते. त्या शिपायाला आम्ही दोष देत नाही. त्याने हुकूम पाळला आणि जीव दिला. दोष त्या व्यवस्थेचा, जिच्यात त्याला ‘कशासाठी?’ हे विचारायला तोंडच नव्हते. काही शेकडा हिंदी सैनिक फौज सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले हेही खरे आहे. पण ते एकेकट्याने, जिवावर उदार होऊन. शिपायाला युनियन नसते.

सिडनीच्या धक्क्यावर

त्याच महिन्यांत हजारो मैलांवर, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत, उलट गोष्ट घडत होती. तिथे डचांची जहाजे इंडोनेशियाकडे शस्त्रे, दारूगोळा आणि सैनिक नेण्यासाठी उभी होती. सप्टेंबर १९४५ च्या अखेरीस इंडोनेशियन खलाशी त्या जहाजांवरून उतरले. ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांच्या फेडरेशनने डच जहाजांवर बहिष्कार पुकारला. पाठोपाठ टग चालवणारे, बॉयलरवाले, रंगारी अशा अनेक युनियन सामील झाल्या. ना माल चढे, ना दुरुस्ती होई, ना टग मिळे. त्या काळी ऑस्ट्रेलियाचे सरकारी धोरण काळ्या-सावळ्यांना देशात घ्यायचे नाही असे होते. त्या देशातला गोरा कामगार सावळ्या कामगारासाठी आपली हजेरी बुडवून उभा राहिला, याची नोंद आपण केली पाहिजे.

आणि तिथे हिंदी खलाशीही होते. डचांनी हिंदी खलाशी भरून जहाजे काढायचे ठरवले, तेव्हा सिडनीत हिंदी खलाशांची युनियन उभी राहिली. ‘पात्रास’ नावाचे जहाज हिंदी खलाशांना घेऊन बंदराबाहेर निघाले. युनियनचे कार्यकर्ते लाँच घेऊन त्याच्या मागे लागले आणि कर्ण्यातून हिंदुस्तानीत ओरडून खलाशांना सांगू लागले की हा माल कशासाठी चालला आहे ते ओळखा. खलाशांनी काम थांबवले. जहाज परत फिरले. डच चित्रपटकार योरिस इव्हेन्स यांनी १९४६ साली ‘इंडोनेशिया कॉलिंग’ हा माहितीपट काढला, त्यात हा प्रसंग दाखवला आहे. इव्हेन्स यांना डच सरकारनेच चित्रपटाच्या कामावर नेमले होते. ती नोकरी त्यांनी या प्रश्नावर सोडली.

तेव्हा एकाच काळात, एकाच देशाची गरीब माणसे, सुराबायात गोळी झाडत होती आणि सिडनीत जहाज अडवत होती. दोघांच्या काळजात फरक नव्हता, दोघांच्या परिस्थितीत होता. खलाशापाशी दोन गोष्टी होत्या. आपण काय वाहून नेतो आहोत याची खबर, आणि ‘नाही’ म्हणताना पाठीशी उभी राहणारी संघटना. शिपायापाशी दोन्ही नव्हत्या.

ही खबर पुढे मुंबईलाही पोचली. हिंदी सैन्याच्या या वापराचा नेहरूंनी जाहीर निषेध केला होताच. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौदलाच्या खलाशांनी उठाव केला. त्यांच्या मागण्यांत नीट जेवण आणि समान पगार होता, तसेच इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा हीही मागणी होती. २२ फेब्रुवारीला मुंबईचा कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला आणि गोळ्यांना सामोरा गेला. पोटाची मागणी आणि परक्या देशाच्या स्वातंत्र्याची मागणी एकाच कागदावर लिहिताना त्या पोरांना अवघड वाटले नाही. नोव्हेंबर १९४६ अखेर हिंदी फौजा तिथून परतल्या.

सनद मिळाली, बिलही मिळाले

पुढचा लढा आणखी तीन वर्षे चालला. १९४६ साली आपल्याकडे धान्याचा तुटवडा असताना, स्वतः कोंडीत सापडलेल्या इंडोनेशियाने भारताला पाच लाख टन तांदूळ देऊ केला आणि बदल्यात कापड व अवजारे मागितली. सगळा तांदूळ पोचू शकला नाही, पण हात पुढे झाला तो असा. २१ जुलै १९४७ रोजी डचांनी करार मोडून हल्ला केला. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी हा प्रश्न सुरक्षा समितीत नेला. बिजू पटनाईक यांनी स्वतः विमान चालवत नेऊन शहरीर यांना तिथून बाहेर काढले. १९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी योग्यकार्ता घेतले, सुकार्नो आणि हट्टा यांना कैद केले. जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली. जगाचा दाब वाढला आणि २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांना सत्ता सोडावी लागली.

पण त्याबरोबर बिल आले. जुन्या वसाहतीच्या कर्जातले सुमारे ४३० कोटी गिल्डर नव्या देशाच्या माथी मारले गेले. त्यात इंडोनेशियनांना दडपण्यासाठी केलेल्या लष्करी खर्चाचाही भाग होता. ज्या गोळीने भाऊ मेला त्या गोळीचे पैसेही भावानेच भरायचे. डचांच्या कंपन्या आणि मळे तसेच राहिले. डच सरकारने त्या काळातल्या हिंसाचाराबद्दल माफी मागायला आणि १७ ऑगस्ट १९४५ हा स्वातंत्र्यदिन पूर्णपणे मान्य करायला २०२० ते २०२३ ही साले उजाडावी लागली.

आणि कामगारांचे काय झाले? स्वतंत्र देशाच्या सरकारने १९५१ मध्येच लष्करी हुकमाने अत्यावश्यक धंद्यांतल्या संपांवर बंदी घातली. १९२३ चे कलम डचांचे होते, हे आपल्या माणसांचे. डिसेंबर १९५७ मध्ये कामगारांनी पुन्हा एकदा पुढाकार घेऊन डच कंपन्या ताब्यात घेतल्या. काही दिवसांतच लष्कराने त्या कामगारांच्या हातून काढून घेतल्या आणि खुर्चीवर लष्करी अधिकारी बसले. १९६५-६६ मध्ये डाव्यांचे लाखोंनी शिरकाण झाले. देशातली सर्वांत मोठी कामगार महासंघटना ‘सोब्सी’ चिरडली गेली आणि तिच्याबरोबर रेल्वे कामगारांची युनियनही. स्वतंत्र संघटना करण्याचा हक्क परत मिळाला तो १९९८ मध्ये, सुहार्तो गेल्यानंतर. म्हणजे ज्यांनी १९४५ मध्ये किल्ल्या काढून घेतल्या, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना त्यासाठी अर्धे शतक थांबावे लागले.

आपण यातून काय घ्यावे

आपल्यातले काही जण म्हणतील, महागाई भत्ता, बोनस आणि बदल्यांचे बोला, जावा-सुमात्राचे काय? आमचे उत्तर असे की हा प्रश्न भत्त्याचाच आहे. युनियनचा हक्क कुणी कायमचा देत नसते. इंडोनेशियात परका मालक गेला तरी संपबंदी राहिली, कारण कामगारांनी गाड्या चालवल्या पण कायदा कोण करतो याकडे पाहणे पुढाऱ्यांवर सोडले. जून १९९८ मध्ये इंडोनेशियाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा संघटना-स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार मान्य केला. सामुदायिक वाटाघाटीचा ९८ क्रमांकाचा करार त्याने १९५७ मध्येच मान्य केला होता. आपल्या देशाने हे दोन्ही करार अजून मान्य केलेले नाहीत. आणि त्याचे कारण सरकार काय देते? सरकारी नोकरांवरची बंधने. म्हणजे आपणच, टपाल आणि रेल्वेवाले.

दुसरी गोष्ट खबरीची. आज धक्क्यावर, मालगोदामात, वर्कशॉपमध्ये आपल्या शेजारी कंत्राटी कामगार उभा असतो. तेच काम, निम्मा पगार, सभासदत्व नाही. टपालात ग्रामीण डाक सेवक आहे. त्याला आपण संघटनेच्या बाहेर ठेवले तर उद्या आपल्याविरुद्ध उभे करायला तोच हाताशी असेल, आणि त्याचा दोषही नसेल. सुराबायात हेच झाले. सिडनीत झाले नाही, कारण कुणीतरी लाँच घेऊन मागे गेले आणि त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलले.

म्हणून आमची सर्व शाखांना सूचना आहे. येत्या २७ आणि २८ सप्टेंबरला टपाल आणि रेल्वे शाखांनी मिळून एक द्वारसभा घ्यावी. तिथे बांडुंगची हकीकत सांगावी, ८७ आणि ९८ क्रमांकाच्या करारांची मागणी करणारा ठराव करावा आणि तो वर पाठवावा. आणि त्या सभेला प्रत्येक सभासदाने आपल्या पाळीतला एक तरी कंत्राटी कामगार किंवा डाक सेवक बरोबर आणावा. भाषणे थोडी कमी झाली तरी चालतील, पण तो माणूस आला पाहिजे.